मोरचुदाचं पाणी

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
वजनकाट्याला लागूनच आमचं टेबल.
टेबलावर काचेच्या पेल्यात मोरचुदाचं पाणी,
द्राक्षबागेत फवारतात तसलं निळं.

बोटाला टोचायचं, थेंब नळीत ओढायचा,
पाण्यावर बोटभर उंचीवरून सोडायचा.
बुडाला, तर खाटेवर जा.
तरंगला, तर घरी.
पंधरा सेकंदांत निकाल.
एवढं झटपट कोर्ट अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाही.

माथाडींचे थेंब खड्यासारखे तळाला जातात.
पन्नास किलोची गोण पाठीवर घेणारी माणसं
सुई बघून तोंड फिरवतात,
म्हणतात, मॅडम, टोचताना सांगू नका, टोचून झाल्यावर सांगा.

इंदरबाई ढोबळे लसूण निवडते, बारा नंबरच्या गाळ्यावर.
सुनेच्या बाळंतपणात चार पिशव्या लागल्या होत्या, वाशीला.
पोर वाचली, पोरगीही वाचली.
"चार उसन्या आणल्यात," म्हणाली. "परत करायच्यात."
मी म्हटलं, मावशी, हे कुणी परत मागत नाही.
"मागणाऱ्याचं देतोच की आपण.
न मागणाऱ्याचंच राहून जातं."

तिच्या बोटाला लसणाचा वास.
सालपटांनी चिरलेलं बोट, टोचायला मऊ जागा सापडेना.
थेंब पडला आणि वरच राहिला,
तेलाच्या थेंबासारखा निवांत.

मी लोहाच्या गोळ्या दिल्या. नाचणी, गूळ, अळीव,
नेहमीचं पाठ केलेलं सांगितलं.
ती दिवाळीनंतर आली. तरंगला.
मग फेब्रुवारीत आली, नवं लुगडं नेसून,
जणू थेंबाला कपडे कळतात.
या खेपेला तो निघाला, खाली निघाला,
आणि मध्येच थांबला.
आम्ही दोघी वाकून बघत होतो.
मी मनातल्या मनात ढकललं त्याला, खोटं कशाला बोलू.
चौदा. पंधरा.
हळूहळू वर आला.

ती काही बोलली नाही. पदर खोचून गेली
आणि अर्ध्या तासात तिघांना घेऊन आली:
काट्यावरचा मुश्ताक, पुतण्या बळीराम,
आणि शेठचा कच्छी मेहताजी, जो आयुष्यात
कुणाला चहासुद्धा पाजत नाही म्हणे.
तिघं झोपले असताना ती प्रत्येक खाटेशी उभी,
पिशवी फुगताना बघत,
दूध उतू जायची वाट बघतात तशी.
मेहताजीला बिस्किटाचा दुसरा पुडा तिनंच दिला.
जाताना म्हणाली, "तीन झाल्या. एक राहिली.
पुढची तारीख लिहून द्या."

संध्याकाळी खोके घेऊन ठाण्याला.
कळव्याच्या पुलावर गाडी अडकली,
बर्फाच्या पाकिटांवर मी हात ठेवून बसले.
मग तपासण्या, मग चक्रात फिरवणं,
लाल वेगळं, पिवळं वेगळं,
पिशवीवर आकडा चिकटवायचा. नाव नसतं.
कोण मुश्ताक, कोण मेहताजी, फ्रिजला चार अंश ठाऊक.

मे महिना. कॉलेजं बंद, माणसं गावी,
बी पॉझिटिव्हच्या कप्प्यात दोनच पिशव्या.
रात्री अडीचला एक पोरगा आला, हेल्मेट डोक्यावरच.
पावतीवर सही केली,
पिशवी हातात घेऊन उलटसुलट वाचत राहिला.
"कुणाचं आहे हो?"
तेवढं सांगता येत नाही, मी म्हटलं.
मग उगाच म्हटलं, सांभाळून जा.

तो गेल्यावर खोली फारच शांत झाली.
नऊ वर्षं लोकांचे थेंब सोडतेय मी.
ओट्यावर पेला होता, निळं पाणी ताजं होतं.
करंगळीशेजारचं बोट टोचलं.

तरंगला.

कपाटातून गोळ्यांच्या दोन पट्ट्या काढल्या.
एकीवर पेनानं लिहिलं, इंदरबाई.
दुसरी तशीच पर्समध्ये टाकली.