शेजारचं अक्षर

खुडैलच्या अलीकडे, नेमावर रस्ता सोडून डावीकडे,
काटेरी तारेच्या कुंपणात चार सळया पुरल्या आहेत.
पाच, दहा, वीस आणि पन्नास सेंटिमीटर खोल.
दर अर्ध्या तासाला त्या मातीला एकच विचारतात,
किती ओल?
माती जे सांगते ते
नवलख्याला आमच्या दुसऱ्या मजल्यावर
माझ्या पडद्यावर येऊन बसतं.

मला पगार मिळतो तो विश्वास न ठेवण्याचा.
शून्याच्या खाली गेला आकडा: चूक.
मातीत जेवढी पोकळी, त्याहून जास्त पाणी: चूक.
एकदम उसळला आणि लगेच बसला:
वायर उंदराने चाखली असणार.
तीन दिवस जागचा हलला नाही:
इतकी शांत माती मी पाहिलेली नाही.
पाऊस नाही आणि ओल वाढली: शंका.

खोडायचं मात्र काहीच नाही.
निमकरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
तेव्हा त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने होते.
"आकडा तसाच ठेव. शेजारी अक्षर लिही.
उद्या आपणच मूर्ख ठरलो
तर मागून येणाऱ्याला परत जाता आलं पाहिजे."

एप्रिलात पाच सेंटिमीटरवाली म्हणाली, दोन टक्के.
काळी माती कितीही वाळली
तरी इतकी कंगाल होत नाही.
मी श लिहिला आणि खुडैलची बस धरली.
सळईला खेटून दोन बोटं रुंद भेग गेली होती,
अर्धी सळई उघडी, लोंबकळत,
इमानाने हवा मोजत होती.
मी भेगेत हात घातला, कोपरापर्यंत गेला.
तळाशी गार लागलं.
त्या गारव्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

मग मे.
वीस सेंटिमीटरवर रोज संध्याकाळी सातला
आलेख जरासा उठायचा,
पेंगणाऱ्या माणसाने मान वर करावी तसा.
पर्जन्यमापक कोरडा. एकोणीस दिवस, एकोणीस श.
शेवटी कडं ठोकून माती काढली,
डब्यांवर नंबर टाकले,
ओली तोलली, भट्टीत घातली,
एकशे पाच अंश, चोवीस तास.
निघून जाणाऱ्या पाण्याचा वास
ऑफिसभर दोन दिवस राहिला, शर्मासाहेब शिंकत होते.
कोरडी तोलली. वजाबाकी केली.
सळई खरं बोलत होती.

पुन्हा बस.
कुंपणाच्या तारेवर एक वेल चढली होती, पिवळी फुलं.
आई तिला घोसाळी म्हणायची,
मी इंदुरात वाढले, माझ्या तोंडी गिलकीच.
चौकीदार भेरूलाल बुटांकडे बघत राहिला.
गेंदाबाईच पुढे झाली, हातात रिकामा तांब्या:
"थोडो-सो पाणी नाखूं, बेनजी."

आता काय लिहू?
वरून उपग्रह जातो, तो अख्ख्या तालुक्याचं विचारतो,
आणि तालुका काही एका तांब्याने भिजत नाही.
पण माती तर भिजली होती.
ब म्हणजे बरोबर, श म्हणजे शंका, च म्हणजे चूक.
खरं, पण एका वेलीपुरतं,
याला अक्षर नाही.

शेऱ्याचा रकाना कुणी वाचत नाही.
त्यात लिहिलं: गिलकी. सायंकाळी सात. तांब्या एक.

"उपटूं कांई?" भेरूलालने विचारलं.
मी म्हटलं, नको, पाणी तीन हात पलीकडून घाला.
त्याने मान हलवली, तिने हलवली नाही.

हल्ली संध्याकाळी रेघ सरळ जाते.
मंगळवारी भेरूलाल बाजाराला गेला
की सातच्या ठोक्याला पुन्हा मान वर करते.
मी श लिहिते.
आकडा तसाच ठेवते.