मांजराचा वाटा

साराकुरुनाचा सरकारी दवाखाना, खिडकी क्रमांक दोन.
आत मी, बाहेर रिओच्या उपनगरातलं चाळीस अंशांचं ऊन,
मधल्या झरोक्यातून दोना झुरेमा हात आत सरकवते
जणू बांगड्या भरायला आलीय.

मनगटापासून कोपरापर्यंत गाठी,
एकीमागे एक, ओवल्यासारख्या.
पहिली अंगठ्यापाशी, जिथे फरोफाने ओरबाडलं.
फरोफा म्हणजे तिचा बोका.
त्याच्याही नाकावर चट्टा, शिंकला की रक्त.

तीन महिने मी तिला साठ-साठ कॅप्सूल मोजून देतेय.
गाठी आतापर्यंत बसायला हव्या होत्या.

म्हणून पुन्हा पहिल्यापासून.
भरल्या पोटी घेता ना?
भात, काळा घेवडा, वर कोला, तू म्हणालीस तसंच पोरी.
जळजळीची गोळी?
सोडली. पोटात आंबट असल्याशिवाय हे विरघळत नाही म्हणालीस.
आणि कोलेस्टेरॉलची?
ती डॉक्टरनेच थांबवली. मांड्या दुखायच्याही थांबल्या.

मांड्यांचं मीच तिला समजावलं होतं,
मागे रांग कुरकुरत असताना.
बुरशी स्वतःभोवती एक साल विणते,
त्या सालीला एक मेणचट माल लागतो.
तो घडवणाऱ्या कारागिराचे हात हे औषध धरून ठेवतं.
साल विरते, झिरपते, बुरशीची वाढ खुंटते.
एका घावात नाही. महिनोन्‌महिने.

पण त्या कारागिराचं घराणं मोठं.
त्याचे भाऊबंद तुमच्या यकृतात कामाला आहेत,
इतर औषधं मोडून बाहेर काढायला.
औषधाला सख्खं-चुलत नीट कळत नाही,
ते त्यांचेही हात धरतं.
मग दुसरी गोळी रक्तात साचत जाते
आणि दुखतं कुठे, तर मांडीत.

तेव्हा ती हसली होती.
म्हणजे बुरशी माझी नातलग?
झाडापेक्षा जवळची, मी म्हटलं.
तरीच, ती म्हणाली, घरातून हलत नाही.

डोळे पिवळे? नाही.
लघवी काळ्या चहासारखी? नाही.
पाय सुजतात? चढावर धाप लागते?
चढावर सगळ्यांनाच लागते, पोरी.

मग रिकामी पाकिटं दाखवा.

ती पिशवीत बराच वेळ शोधते.
पाकिटं निघतात, आणि एक काचेची बरणी,
बरणीत कॅप्सूलची टोपरं, अर्धी-अर्धी,
धुऊन ठेवल्यासारखी स्वच्छ.

एक माझी, एक त्याची, ती म्हणते.
आत राजगिऱ्यासारखे दाणे असतात,
सार्डिनमध्ये कालवले की त्याला कळत नाही.
शेजारी म्हणाले, गोणीत घाल आणि नदीपलीकडे सोड.
मी म्हटलं, मला हे झालं तर मलाही सोडाल?
नाक भरत आलंय त्याचं. येऊन बघ.

मी बघत नाही. मी तिचा हात बघते.
बोक्याला पुरा डोस पोचलाय,
तिला निम्मा.

रागवायला हवं होतं.
हातमोजे घालता का, एवढंच विचारते.
भांडी घासायचे आहेत, ती म्हणते.

चिठ्ठीमागे मी गुरांच्या डॉक्टरचा पत्ता लिहिते,
पालिकेचा, फुकट, फक्त गुरुवारी, पहाटे चारपासून रांग.
आणि दोन्ही तुमच्या, झुरेमाबाई. दोन्ही.
गाठी गेल्यावरही महिनाभर. ऐकताय ना?

ऐकतेय. आज रविवार संपून सोमवार.
गुरुवारपर्यंत त्याने काय खायचं?

नोंदवहीत रकाना आहे: रुग्णाचं नाव.
आडनाव. आईचं नाव.
मी रकान्याकडे बघते.
मग साठ मोजते.
नव्याने मोजते, बोटांनी, ओठ हलवत,
आणि बारा वर्षांत पहिल्यांदा
माझा आकडा तीनने चुकतो.

रांगेतला पुढचा माणूस काचेवर टकटक करतो.