तेरावा गोल

बेळगुंदीत रताळी काढून झाली
की चार आठवडे ते रान आमचं.
वेल बांधावर, माती मऊ,
झेप घेतली तरी कोपर सोलत नाही;
म्हणून तर मी कीपर व्हायला तयार झाले.

डिसा सरांनी मोबाईलवर दाखवली
कुठल्याशा बेटावरची टीम.
अख्खा देश आमच्या तालुक्याएवढाही नाही,
पोरी सतराच्या आतल्या,
तेरा गोल खाल्लेल्या.
अक्षता म्हणाली,
"आपल्याला कॅम्पातल्यांनी नऊच घातले की!"
आम्ही हसलो.

सर हसले नाहीत.
मागं घेऊन परत लावलं:
तेराव्यानंतर त्यांची कीपर
जाळीतून बॉल काढते, पोटाशी पुसते
आणि मधल्या रेषेपर्यंत नेऊन ठेवते.
चालत नाही. पळत.
जसा काही अजून वेळ आहे.

चारी बाजूंनी पाणी असलेलं गाव
मी बघितलेलं नाही.
पण दानम्मा "बिडू" ओरडते, मी सोडते;
मी "तुझा" म्हणते, ती घेते.
चौकात पाटीच्या भाषेवरून
गळ्यापर्यंत येतं तेव्हा
हे रान तेवढं कोरडं असतं.

सोमवारी इथं मसूर पेरणार.

आज दिवेलागणीला
बॉल बांधापलीकडं उसात गेला.
पानांनी हात चिरले, सापडायला वेळ लागला.
तोवर सगळ्या चपला घालून निघालेल्या,
सर गाडीला किक मारत होते.
मी बॉल पोटाशी पुसला
आणि मधोमध नेऊन ठेवला,
पळत.