रकाना

पोरगी नागपूरहून आली, स्कुटीवर,
हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र,
मिरचीच्या ढिगाजवळ बसली अन् दोनदा शिंकली.
मग वाचलं तिनं:
"माल कुठं विकायचा, हे घरात कोण ठरवतं?
पती. पत्नी. दोघं मिळून."

मी तोंड उघडायच्या आत
ओसरीवरून यायचा आवाज आला,
"दोघं मिळून लिहा, म्याडम."
तिनं माह्याकडं पाह्यलं.
मी मुंडी हलवली.
देठ खुडताना मुंडी आपोआपच हलते,
ते तिच्या टॅबले काय समजते.

दोघं मिळून.
खोटं नाही म्हणता येत.
रात्री जेवताना हे म्हणतेत, "उद्या कळमन्याले नेतो."
मी म्हणते, "भाकर देऊ का आणखी?"
असं आमचं दोघायचं ठरते.

मिरची वाळली का नाही, ते मले विचारतेत.
कानाजवळ धरून हलवते मी.
आत बिया वाजल्या, की भरा पोतं.
लग्नाआधी भिवापूरच्या सातऱ्यावर
चार हंगाम देठ खुडले,
रात्री ताकात बोटं बुडवून निजली.
एवढं माहं शिक्षण.
पोतं शिवलं, की ते संपते.
पोत्यावरच्या गाठीपासून पुढं यायचं सुरू.

कळमन्याचा भाव जास्त, हे मलेही माहीत आहे.
क्विंटलमागं हजार, कधी बाराशे.
पण दूरून येणारा पैसा वाटेत थकते, बाई.
टेम्पोत बसते, हमालीले उतरते,
तोलाईपाशी दम खाते,
उमरेडच्या फाट्यावर तर जेवूनच घेते.
घरी येईस्तोवर त्याचं आंग उतरलेलं असते.

मोटघरे दारात येते, गाडीले काटा बांधून.
भाव कमी देते. काटाही मारते, मूठभर.
पण माह्या डोळ्यासमोर मारते!
नोटा मोजते त्या माह्यापासून हातभर दूर.
तेव्हा मी दोनशे मागितले
तर परक्या माणसादेखत हे नाही म्हणत नाहीत.
अशा दोनशे-दोनशेनं
सासूबाईचा चष्मा झाला,
पोराच्या वह्या झाल्या,
एक चांदीचं जोडवं झालं, ते मी अजून घातलं नाही.

"तुले बाजार समजत नाही," म्हणतेत हे.
एकदा गेली न मी.
मागच्या माघात यायचा पाय मुरगळला,
टेम्पो ठरलेला होता, रात्री दोनचा.
पोत्यायवर बसून गेली, डोक्यावर चादर घेऊन.
अडत्या म्हणे, "मालक कुठी आहे?"
म्हटलं, "घरी आहेत जी, कणिक मळून राह्यले."
हमालसुद्धा हसले.
एका व्यापाऱ्यानं मिरची मोडली, वास घेतला,
"एकसारखा माल आहे, कोणं निवडला?"
विचारलं, अन् उत्तराआधीच पुढच्या ढिगाकडं गेला.
पट्टी यायच्याच नावानं फाडली.

मग गेटाबाहेर मी तर्री-पोहे खाल्ले.
उभ्यानं. एकटीनं. वरून चहा.
टपरीवाला म्हणे, "बसा न, काकू,"
अन् फडक्यानं बाकडं पुसलं माह्यासाठी.
तेव्हा समजलं, हे तिथी काऊन जातेत.
घरी येऊन हिशेब दिला.
पोह्याचे सांगितले नाही.

पोरगी टॅब मिटून उठली.
"अर्धा किलो देता का, काकू? आईला पाठवते.
काय भाव?"
मी ओसरीकडं पाह्यलं.
हे मोबाईलमधी होते.
मी भाव सांगितला,
कळमन्यापेक्षा किलोमागं वीस जास्त.
तिनं दिले. सुटे नव्हते, म्हणाली राहू द्या.

देठाची की बिनदेठाची,
हे तिनं विचारलं नाही.
तिच्या यादीत नव्हतं ते.