चिमूटभर

बाटल्या धुणारा मी, रेवदंड्याचा.
अक्षर गिरवून घेतलं बाईंनीच, म्हणून हे.

मनामाहून मुहर्रकला जायचं तर भरतीला होडी,
ओहोटीला गाढव.
आमच्याकडे गाढवावरून धिंड काढतात.
इथे डॉक्टर लेयाबाई पेझारकर निघायच्या,
काष्टा वर खोचून, मांडीवर औषधांची पेटी,
गुडघाभर पाण्यातून, न बोलता.

एजंटसाहेबानं फीचा रकाना आखून दिला होता.
त्यात मी लिहायचो:
खजूर. अर्धी सुरमई. दुवा.
काही नाही.
काही नाही.
एक मोती, मुगाएवढा. परत.
(त्या पाणबुड्याच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं.
नाखवा म्हणाला, कान फुटल्याशिवाय
माणूस कामाचा होत नाही.)
साहेब चिडला, हा काय हिशेब आहे?
बाई म्हणाल्या, हाच आहे.

बाई शनिवार-तेल्यांच्या घरच्या.
शुक्रवारी दिवेलागण झाली की कामाला हात नाही.
हाक आली ती नेमकी त्याच रात्री.
"बाळंतिणीला वार कुठला," म्हणाल्या,
आणि शब्बाथचा दिवा जळता ठेवून निघाल्या.

झावळ्यांची झोपडी. मूल झालेलं.
आई पंधराची असेल.
दारात उम्म खल्फान, सुईण,
ओच्यात खडेमीठ,
बाळंतिणीच्या आत भरायला.
तिथली रीत. अंग आवळतं म्हणे.
आवळतं, खरंच.
इतकं, की पुढच्या खेपेला पोराला वाट उरत नाही.
अशा तिघी त्या वर्षी
आमच्या डोळ्यांदेखत गेल्या.

मला वाटलं, आता भिरकावतील.
पण मिठागरांच्या गावची बाई, मीठ फेकेल कशी?
ओंजळ पुढे केली.
म्हातारीनं खूप वेळ बघितलं, मग ओतलं.
बाईंनी चिमूट मोजून उकळत्या पातेल्यात टाकली,
निववलं, गाळलं,
म्हातारीचे हात साबणानं कोपरापर्यंत घासले
आणि त्याच हातांकडून पोरीला धुवून घेतलं.
"मीठ पाण्यात. आत नाही."
मोडकी अरबी. मला अजून तेवढीच येते.

उरलेलं मीठ पुन्हा तिच्या ओच्यात बांधून दिलं.

पुढे म्हातारीनं किती जणींना धुतलं,
किती जणींना भरलं, ते वहीत नाही.
त्या रात्रीच्या रकान्यात मी लिहिलं: मीठ.
बाईंनी चष्मा पुसून वाचलं,
आणि शेजारी आपल्या हातानं लिहिलं:
चिमूटभरच घेतलं.