एकोणचाळीस तुकडे

कॉलेज रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
बारावीची बॅच सुटली की आमचा क्लब भरतो.
भाडं नाही. जाताना बाकं सरळ करायची
आणि एसी बंद करायचा, एवढीच बोडके सरांची अट.
पडदा म्हणजे त्यांचा पांढरा फळा.
कुणीतरी चुकीच्या मार्करने लिहिलेलं
एक सूत्र त्यावरून काही केल्या पुसत नाही.
त्यामुळे आमच्या प्रत्येक नायिकेच्या गालावर
बरोबरचं चिन्ह असतं.

काल एकोणीस जण होते.
सिनेमा मधूनच सुरू झाला.
मला वाटलं, मीच भलती फाइल लावली.
शटर अर्धं ओढून एक बाई दुकानात बसलेली.
मग तिचा नवरा
(तो आधीच गेलाय, हे पुष्कळ उशिरा कळतं)
जिना चढत येतो.
चढतच राहतो.
सहा मिनिटं नुसता जिना.
"अडकलंय का हो?" मागून दाणींनी विचारलं.
नाही, म्हटलं, असाच आहे.

मध्यंतर नव्हतं, तरी लोकांनी ते घेतलं.
चौघं पाणी प्यायला म्हणून गेले
आणि खालून त्यांच्या गाड्या सुरू झालेल्या ऐकू आल्या.

शेवटी, म्हणजे जिथे सुरुवात असायला हवी होती तिथे,
बाई शटर वर ढकलते.
उजेड, उजेड,
आणि मग नुसता फळा. सूत्रासकट.

चर्चेसाठी मी चिठ्ठीवर मुद्दे काढून नेले होते,
काळ, स्मृती वगैरे.
एकही वाचवेना.
तेवढ्यात पहिल्या बाकावरून बागूलकाका उठले.
नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं,
सगळी मोजण्यात गेलेली.
म्हणाले, "एकोणचाळीस तुकडे आहेत.
जिना दोनदा येतो.
पहिल्यांदा तिच्यापुढे एक कप आहे,
दुसऱ्यांदा दोन.
बाकी मला काही समजलं नाही."
आणि बसले.

दाणींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

बाकं सरळ केली. लिफ्ट बंद होती.
काका कठड्याला धरून पुढे, मी मागे.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले.
"पुढच्या शनिवारी हाच लावाल का परत?
तो कप नेमका कधी वाढला, ते बघायचंय.
आमच्याकडे अजून दोनच निघतात, सवयीने."

बघते, म्हटलं.
सरांना विचारावं लागेल.

त्यांची स्कूटर जेल रोडच्या दिशेने गेली,
तेव्हा आठवलं, एसी.
की केला होता बंद?
किल्ली काढली
आणि पुन्हा जिना चढू लागले.
सहा मिनिटं काही लागली नसतील.