हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की मी जिवंत आहे का
हे बघायला भांडुपच्या बँकेत जावं लागतं.
काउंटरवर पडवळ आडनावाची मुलगी असते.
काका, अंगठा ठेवा. दाबा. अजून दाबा.
यंत्र लाल होतं.
पुसून ठेवा बघू.
लाल.
मग ती पर्समधून व्हॅसलीन काढते, माझ्या बोटाला लावते,
वरच्या पोस्टवर इराप्पा नांदवडेकर लावायचा तसं:
हातमोजा दातांनी ओढून,
शिव्या देत, आधी माझ्या बोटांना, मग उरलं तर स्वतःच्या.

घरी भांडी घासता का काका, रेषाच नाहीत तुम्हाला.
हो म्हणालो.
एकोणीस हजार फुटांवर रायफलच्या नळीला
चिकटून राहिल्यात त्या, हे तिला कशाला.
मागे रांग होती.

पहिल्या खेपेला मला काढला होता, कुलाब्यात.
छाती फुगवून पाऊण इंच कमी.
डॉक्टरने उघड्या छातीवर निळ्या खडूची काट मारली.
तिच्यावरूनच सदऱ्याची बटणं लावली
आणि लालबागपर्यंत चालत आलो मामाच्या खोलीवर.
मामीने ताट वाढलं. विचारलं नाही.
तीन दिवस अंघोळ केली नाही मी.
चौथ्या दिवशी तिनेच नळावर उभं केलं
आणि चोथ्याने घासली छाती, भांडं घासावं तशी.
(बघ पोरी, घासली ती मी नाही.)

पुढच्या साली घेतला.
बेळगावात पहिल्या रात्री बराकीत चाळीस पोरं
झोपेचं सोंग घेऊन पडलेली,
कुठूनतरी नाक ओढल्याचा आवाज,
मग दुसरीकडून.
सकाळी कुणी कुणाला काही म्हणालं नाही.
दाहिने मूडला मी बाएं वळलो
म्हणून रायफल डोक्यावर धरून मैदानाला अकरा फेऱ्या.
अकराव्या फेरीला बाजूला इराप्पा पळताना दिसला.
तू का रे?
हसलो म्हणून.

आता मी टॉवरच्या गेटवर असतो. नाईक खरवते,
इथे नुसते वॉचमनकाका.
पार्किंगला प्रणित आहे, एकोणीस वर्षांचा.
पहाटे चारला पाइपलाइनच्या रस्त्यावर पळतो
आणि घड्याळ मी धरतो.
मुंब्र्याच्या भरतीत तीन सेकंदांनी गेला.
दोन दिवस गाड्यांना नुसतं हातानेच पुढे-मागे करत होता,
तोंडातून शब्द नाही.
मग म्हणाला, तीन सेकंद म्हणजे किती हो काका?
मला माहीत होतं.
इराप्पा तंबूबाहेर डबा धुवायला गेला होता,
मी हाक मारली, ती पोचायच्या आत
वरचा सगळा कडा खाली आला होता.
मी म्हणालो, चपलेत पाय घालायला लागतात तेवढे.
बरोबर, म्हणाला तो. तेवढेच.

काका, आता डोळा देऊन बघू.
इथे बघा. पापणी लववू नका.
मी बघत राहिलो.
रात्र रात्र पांढऱ्यात बघितलंय पोरी,
जिथे काहीच हलत नाही तिथे काहीतरी हलेल म्हणून.
हिरवा.
झालं काका. आहात तुम्ही.

तिकडे चंदगडला इराप्पाची बायकोही
याच महिन्यात एसटीने बँकेत जाते.
तो मेल्याचा कागद एकदाच द्यावा लागला तिला.
स्वतः जगल्याचा दरवर्षी.
आणि बरीच वर्षं, दुसरं लग्न केलं नाही
असंही लिहून द्यायची.
तिचा अंगठा एका दाबात उमटतो, म्हणाली फोनवर.
शेणात, चिखलात, चुलीत गेला जन्म, तरी उमटतो.
मी काय बोलणार.

पावती चार घड्या करून खिशात.
उद्या चारला प्रणित येईल.
या वेळी बूट नवीन आहेत, मामाने दिलेत म्हणतो.
घड्याळाचं बटण तेवढं मला
डाव्या हाताने दाबावं लागतं.